जर्मन पासपोर्टवर पहिला परदेश प्रवास: ऑनलाइन प्रवास-परवानगीचे अर्ज कसे भरावेत

नागरिकत्वाचे प्रमाणपत्र हातात पडते, काही आठवड्यांनी आपण बुर्गरब्युरोतून, म्हणजे नागरी सेवा कार्यालयातून, किरमिजी रंगाचा पासपोर्ट घेऊन येतो आणि पेढे खाताना भेटणारा प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो, “सुटलात, आता तुम्हांला कुठेच व्हिसा लागायचा नाही.” भारतीय पासपोर्टवर वर्षानुवर्षे प्रवास केलेल्या माणसाला हे वाक्य गोड वाटते, कारण बँकेची विवरणे, कंपनीचे पत्र आणि हॉटेलचे आरक्षण यांची जाडजूड फाइल काखोटीला मारून व्हिसा केंद्रात ताटकळण्याचा त्याला कंटाळा आलेला असतो. वाक्य मात्र अर्धेच खरे आहे. जर्मन नागरिकाकडून व्हिसा न मागणारे बरेच देश आता निघण्यापूर्वी एक ऑनलाइन परवानगी मागतात, आणि ती नसेल किंवा तिच्यात एका अक्षराची चूक असेल, तर विमानात बसता येत नाही.

मला हे जून २०२५ मध्ये विमानतळावर कळले. आम्ही बॉस्टनला मावसबहिणीकडे निघालो होतो. माझे आणि पत्नीचे बोर्डिंग पास छापून झाले, पण नऊ वर्षांच्या मुलाचे नाव यंत्र पुढे सरकू देईना. काउंटरवरच्या बाईंनी त्याचा पासपोर्ट आणि माझ्या फोनवरचा अमेरिकेचा परवाना शेजारी शेजारी धरले आणि पासपोर्ट क्रमांकाच्या पाचव्या अक्षरावर बोट ठेवले. पासपोर्टवर शून्य होते. अर्जात इंग्रजी ‘ओ’ होता. पासपोर्टचा फोटो अर्जात चढवताना संकेतस्थळाने क्रमांक आपोआप वाचला होता, तो चुकीचा वाचला होता, आणि मी तिसऱ्या अर्जापर्यंत कंटाळून न बघता पुढचे बटण दाबले होते. क्रमांकातली चूक मंजुरीनंतर दुरुस्त होत नाही. नवा अर्ज आणि नवे शुल्क हाच मार्ग असतो. बॅगेवर फोन टेकवून भरलेला तो नवा अर्ज पस्तीस मिनिटांनी मंजूर झाला, तेव्हा काउंटर बंद व्हायला दहा मिनिटे उरली होती.

हे अर्ज सोपे आहेत, आणि म्हणूनच माणूस ते निष्काळजीपणे भरतो. त्यातच आपल्यासारख्या, जन्माने भारतीय आणि नंतर जर्मन झालेल्या माणसांसाठी त्यांत काही जागा अशा आहेत, जिथे जन्मतः जर्मन असलेला शेजारी अडखळत नाही. त्यामुळे तो त्यांबद्दल सांगूही शकत नाही.

१. व्हिसा, परवानगी आणि आगमन-नोंद यांत गल्लत करू नका

व्हिसा म्हणजे वकिलातीने किंवा त्या देशाच्या खात्याने कागदपत्रे तपासून दिलेली प्रवेशाची संमती होय. ऑनलाइन प्रवास-परवानगी ही व्हिसा माफ असलेल्या प्रवाशाची आगाऊ चाळणी असते. आगमन-नोंद हा तिसरा प्रकार असून तो केवळ माहिती देण्याचा अर्ज असतो. थायलंडने १ मे २०२५ पासून सुरू केलेले डिजिटल आगमन पत्र या प्रकारात मोडते आणि ते पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत विनाशुल्क भरायचे असते.

परवानगीची यंत्रणा कशी चालते हे समजून घेतले की पुढच्या सगळ्या सूचनांचे कारण कळते. तुम्ही चेक-इन करता तेव्हा विमान कंपनी तुमच्या पासपोर्टवरील तपशील त्या देशाच्या संगणकाकडे पाठवते आणि तिकडून या प्रवाशाला चढू द्यावे की नाही एवढेच उत्तर येते. शोध पासपोर्टच्या क्रमांकावरून, नावावरून, जन्मतारखेवरून आणि राष्ट्रीयत्वावरून घेतला जातो. म्हणजे परवानगी तुम्हांला मिळते असे म्हणण्यापेक्षा ती त्या विशिष्ट पासपोर्टला मिळते असे म्हणणे अधिक बरोबर आहे. पासपोर्ट बदलला की ती संपली, मग तिच्यावर दोन वर्षांची मुदत छापलेली असो की पाच.

२. कोणत्या देशाला काय लागते

अमेरिका. येथील परवानगीला ‘एस्टा’ म्हणतात आणि ती जानेवारी २००९ पासून सक्तीची आहे. तिची मुदत दोन वर्षे असते आणि एका भेटीत ९० दिवसांपर्यंत राहता येते. मधेच कॅनडाला किंवा मेक्सिकोला चार दिवस जाऊन आलात, तरी ते दिवस सामान्यतः याच ९० मध्ये धरले जातात. शुल्क २०२२ पासून २१ डॉलर होते, ते ३० सप्टेंबर २०२५ पासून ४० डॉलरवर गेले. ऑक्टोबर २०२२ पासून रस्त्याने सीमा ओलांडणाऱ्यालाही एस्टा लागतो. निघण्याच्या किमान ७२ तास आधी अर्ज करा असे अधिकृत सूचनेत म्हटले आहे. माझ्या मते दोन आठवडे आधी करावा, कारण उत्तर नकारार्थी आले तर व्हिसाच्या मुलाखतीची वेळ शोधायला तेवढा अवधीही अपुरा पडतो.

ब्रिटन. लंडन आपल्याला इतके जवळचे वाटते, की तिकडे जायला काही लागेल हे ध्यानातच येत नाही. युरोपीय नागरिकांना २ एप्रिल २०२५ पासून ब्रिटनचा ‘ईटीए’, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवाना, लागतो. १० पौंडांनी सुरू झालेले शुल्क त्याच महिन्यात १६ पौंड झाले. मुदत दोन वर्षांची असून एका भेटीत सहा महिन्यांपर्यंत राहता येते. सुरुवातीला अंमलबजावणी सौम्य होती, परंतु २५ फेब्रुवारी २०२६ पासून परवानगी नसलेल्या प्रवाशाला चढू द्यायचे नाही असे धोरण आहे. विमान, फेरीबोट आणि समुद्राखालच्या बोगद्यातून जाणारी रेल्वे या तिन्हींना तो लागतो, तान्ह्या बाळालाही लागतो. आयर्लंडला जाताना जर्मन नागरिकाला काहीच लागत नाही. मात्र डब्लिनहून दिवसभराची सहल म्हणून बेलफास्टला जाल, तर वाटेत कोणी विचारले नाही तरी तुम्ही ब्रिटनमध्ये गेलेले असता आणि ईटीए जवळ असणे आवश्यक असते. तसेच ‘पेर्सो’, म्हणजे जर्मन ओळखपत्र, दाखवून ब्रिटनमध्ये जाण्याची सोय १ ऑक्टोबर २०२१ पासून बंद झाली आहे.

कॅनडा. इथला ईटीए फक्त विमानाने जाणाऱ्यांना लागतो. शुल्क ७ कॅनेडियन डॉलर आणि मुदत पाच वर्षांपर्यंत, किंवा पासपोर्ट संपेपर्यंत. अर्ज एका वेळी एकाच माणसाचा भरता येतो आणि अर्धवट ठेवून नंतर पुढे सुरू करता येत नाही, तेव्हा भात शिजत ठेवून अर्जाला बसू नका.

ऑस्ट्रेलियासाठी ‘ई-व्हिजिटर’ नावाचा ऑनलाइन व्हिसा घ्यावा. तो पूर्णपणे मोफत आहे, बारा महिने चालतो आणि प्रत्येक भेटीत तीन महिने राहू देतो. न्यूझीलंडच्या परवानगीचे शुल्क फोनवरील अधिकृत ॲपमधून १७ आणि संकेतस्थळावरून २३ न्यूझीलंड डॉलर पडते. त्याखेरीज पर्यटक कर म्हणून १०० डॉलर वेगळे द्यावे लागतात. इस्रायलने १ जानेवारी २०२५ पासून २५ शेकेल शुल्काची परवानगी सक्तीची केली आहे. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाच्या जागी ईटीए आणला आणि त्यासाठी निघण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो. दक्षिण कोरियाने जर्मन नागरिकांना एप्रिल २०२३ पासून परवानगीतून सूट दिलेली आहे, पण ती ठरावीक मुदतीची आणि वेळोवेळी वाढवली जाणारी सूट आहे; तिकडचे तिकीट काढताना ती चालू असल्याची खात्री करावी.

शुल्के आणि अटी बदलत राहतात. प्रत्येक प्रवासापूर्वी जर्मन परराष्ट्र मंत्रालयाच्या, म्हणजे आउसवेर्टिगेस आम्टच्या, संकेतस्थळावर त्या देशाचे पान उघडून प्रवेशाच्या अटींचा भाग वाचण्याची सवय लावून घ्या. ते पान जर्मन नागरिकाला डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलेले असते.

युरोपीय संघाच्या ‘एटियास’बद्दलही अनेक जण घाबरून विचारतात. २० युरो शुल्काची ही परवानगी २०२६ च्या शेवटच्या तिमाहीत सुरू करण्याचे जाहीर झाले आहे, परंतु ती संघाबाहेरच्या, व्हिसा माफ असलेल्या पाहुण्यांसाठी आहे. ब्रिटिश पासपोर्ट असलेल्या लंडनच्या काकांना ती लागेल. तुम्हांला लागणार नाही, आणि शेंगेन व्हिसावर येणाऱ्या तुमच्या आईवडिलांनाही लागणार नाही.

३. अर्जाला बसण्यापूर्वी जवळ घ्यायच्या वस्तू

मूळ जर्मन पासपोर्ट हवा, त्याची प्रत चालणार नाही. पासपोर्टमधील चिप वाचू शकणारा फोन, रोज उघडता असा खासगी ईमेल पत्ता, जिथे उतरणार त्या घराचा किंवा हॉटेलचा पत्ता, नोकरीच्या ठिकाणाचा पत्ता, आणि अमेरिकेसाठी आईवडिलांची पूर्ण नावे व तातडीच्या वेळी कळवायच्या व्यक्तीचा तपशील जवळ असावा. पैसे भरायला व्हिसा कार्ड किंवा मास्टरकार्ड यांसारखे कार्ड जवळ ठेवा. बँकेने खात्याबरोबर दिलेले साधे गिरोकार्ड या संकेतस्थळांवर चालत नाही. कंपनीचा ईमेल पत्ता शक्यतो देऊ नये, कारण दोन वर्षांनी नोकरी बदललेली असते आणि मंजुरीचे पत्र जुन्या पेटीत राहते.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जुन्या भारतीय पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानांची स्वच्छ प्रत, त्याचा क्रमांक आणि संपण्याचे वर्ष यांसह. पासपोर्ट रद्द करून घेण्यासाठी पाठवण्याआधीच ही प्रत काढून ठेवा. ती का लागते ते सहाव्या पायरीत येईल.

मुलांच्या पासपोर्टबाबत एक गोष्ट. जर्मनीने लहान मुलांचा वेगळा, स्वस्त ‘किंडररायझेपास’ १ जानेवारी २०२४ पासून देणे बंद केले आहे. मुलांनाही आता चिप असलेला नेहमीचा पासपोर्ट घ्यावा लागतो. २४ वर्षांखालील व्यक्तीसाठी त्याचे शुल्क ३७.५० युरो असून तो सहा वर्षे चालतो. घाईच्या वेळी मिळणारा हिरव्या कव्हरचा तात्पुरता पासपोर्ट अमेरिकेच्या एस्टासाठी चालत नाही, त्यामुळे वेळ कमी असेल तर ३२ युरो जास्त देऊन तातडीचा नेहमीचा पासपोर्ट मागवा.

४. खरे संकेतस्थळ शोधा

शोधयंत्रात ‘एस्टा अर्ज’ असे टाकले की वर जे दिसते, ते बहुधा सरकारचे नसते. मध्यस्थांची पाने झेंडे, गरुड आणि निळे-पांढरे रंग वापरून इतकी अधिकृत वाटतात की माझ्या ओळखीच्या एका सुशिक्षित जोडप्याने मोफत मिळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या ई-व्हिजिटरसाठी दोघांचे मिळून दीडशे युरो भरले. त्यांना परवानगी मिळाली, म्हणून फसवणूक झाली असे म्हणताही येईना. पैशांपेक्षा मला चिंता वाटते ती पासपोर्टची प्रत, जन्मतारीख आणि आईचे नाव अनोळखी धंद्याच्या हाती जाण्याची.

पत्त्याची शेपटी बघा. अमेरिकेचा अधिकृत पत्ता ‘डॉट गव्ह’ने संपतो, ब्रिटनचा ‘गव्ह डॉट यूके’ने, ऑस्ट्रेलियाचा ‘गव्ह डॉट एयू’ने आणि न्यूझीलंडचा ‘गव्ह्ट डॉट एनझेड’ने. कॅनडाचा अर्ज ‘कॅनडा डॉट सीए’ या सरकारी संकेतस्थळावरून सुरू होतो. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ऑर्ग’ किंवा ‘डॉट डीई’ दिसले की तिथून निघा. शुल्क सरकारी आकड्यापेक्षा जास्त दिसले तरीही निघा.

५. क्रमांक, नाव आणि जन्मस्थान: इथेच अर्ज फसतो

जर्मन पासपोर्टचा क्रमांक नऊ चिन्हांचा असतो आणि त्यात अंक व अक्षरे मिसळलेली असतात. त्यात ‘ओ’ हे अक्षर कधीच वापरले जात नाही. खरे तर एकही इंग्रजी स्वर वापरला जात नाही, आणि अंकांसारखी दिसणारी ‘बी’, ‘डी’, ‘क्यू’, ‘एस’ ही अक्षरेही मुद्दाम टाळलेली आहेत. सरकारने नमुन्यादाखल एरिका मुस्टरमान या काल्पनिक बाईंच्या नावाने जो पासपोर्ट छापला आहे, त्याचा क्रमांक सी-०-१-एक्स-०-०-टी-४-७ असा आहे. त्यातली तिन्ही गोल चिन्हे शून्येच आहेत. हा नियम मला त्या जूनमध्ये ठाऊक असता, तर मुलाच्या अर्जातला ‘ओ’ वाचताक्षणीच खटकला असता. भारतीय पासपोर्टचा क्रमांक एक अक्षर आणि सात अंक अशा साध्या घडणीचा असल्यामुळे आपल्याला ही सवय नसते. क्रमांक भरून झाला की घरातल्या दुसऱ्या माणसाला पासपोर्टवरून एकेक चिन्ह मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही पडद्यावर बघा.

नावासाठी एकच कसोटी वापरा: पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी, बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या ज्या दोन ओळी असतात, त्यांत जे नाव आहे तेच अर्जात जाईल. यंत्र तेच वाचते. या कसोटीने तीन नेहमीचे घोटाळे टळतात.

पहिला घोटाळा माहेरच्या नावाचा. जर्मन पासपोर्टवर आडनावाच्या जागी (ए) आणि (बी) अशा दोन ओळी असू शकतात. (ए) म्हणजे आजचे आडनाव आणि (बी) म्हणजे जन्मनाव. देशपांडे झालेल्या कुलकर्णींच्या मुलीने आडनावाच्या रकान्यात ‘देशपांडे कुलकर्णी’ लिहिले तर ते चुकले. माहेरचे नाव, अर्जात ‘इतर नावे’ असा प्रश्न असेल, तिथे लिहावे. दुसरा घोटाळा वडिलांच्या नावाचा. आपल्याकडे स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे आणि आडनाव अशी तीन पदे असतात. नागरिकत्व घेताना तुम्ही नोंदणी कार्यालयात नावाबद्दल काय लिहून दिले त्यावर मधले नाव जर्मन पासपोर्टात राहिले की गेले हे अवलंबून असते, आणि मी अशी घरे पाहिली आहेत, जिथे नवऱ्याच्या पासपोर्टात ते आहे आणि बायकोच्या नाही. त्यामुळे सवयीने लिहू नका, तळाच्या ओळी बघून लिहा आणि विमानाचे तिकीटही त्याच नावाने काढा. तिसरा घोटाळा पदवीचा: पीएच.डी. झालेल्यांना जर्मन पासपोर्टवर ‘डॉ.’ छापून घेता येते आणि ती हौस मी समजू शकतो, परंतु अर्जात ती लिहू नये.

जन्मस्थानाबाबतही जर्मन पासपोर्टवर जे छापले आहे तेच लिहा. कुणाच्या जन्मदाखल्यावर बॉम्बे असते, कुणाच्या पूना, कुणाच्या औरंगाबाद. शहराचे नाव बदलले म्हणून अर्जात छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव लिहिण्याचा मोह आवरावा. जन्मदेश भारत आणि राष्ट्रीयत्व जर्मन ही जोडी लिहायला कचरू नका.

६. जुन्या नागरिकत्वाबद्दलचे प्रश्न

एस्टाच्या अर्जात विचारतात, की तुम्ही पूर्वी दुसऱ्या देशाचे नागरिक होता काय, आणि दुसऱ्या देशाने तुम्हांला कधी पासपोर्ट दिला होता काय. दोन्हींचे उत्तर ‘होय’ आहे, आणि मग भारतीय पासपोर्टचा क्रमांक आणि मुदत संपण्याचे वर्ष मागितले जाते. तिसऱ्या पायरीतली प्रत इथे उपयोगी पडते.

“सध्या आणखी कोणत्या देशाचे नागरिक आहात” हा प्रश्न वेगळा आहे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिल्यामुळे अनेकांचा समज झाला आहे, की आपण आता दोन्ही देशांचे नागरिक आहोत. जर्मनीची हरकत नाही; भारताची आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. म्हणून पूर्वीचे नागरिकत्व भारतीय आणि सध्याचे फक्त जर्मन हेच खरे उत्तर होय.

आता नाजूक प्रश्न. भारतीय पासपोर्टवर असताना अमेरिकेचा व्हिसा कधी नाकारला गेला असेल, तर एस्टाच्या अर्जात तो सांगावाच लागतो, मग ती वीस वर्षांपूर्वीची चेन्नईची किंवा मुंबईची मुलाखत का असेना. नवा पासपोर्ट आला म्हणून जुनी नोंद पुसली जात नाही. कॅनडाचा अर्ज तर कोणत्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारला होता काय असे विचारतो. खरे सांगितल्याने एखादे वेळी चौकशी वाढते आणि उत्तर लांबते. खोटे पकडले गेले, तर मात्र दार पुष्कळ काळासाठी बंद होऊ शकते. जुन्या भारतीय पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा शिल्लक आहे म्हणून एस्टा टाळता येईल, असेही समजू नका. जुन्या पासपोर्टमधला व्हिसा नव्याबरोबर चालतो तो दोन्ही पासपोर्ट एकाच देशाचे असतील तरच.

आणखी एक अट नोकरीनिमित्त आखातात आणि त्याच्या पलीकडे काम केलेल्यांसाठी. १ मार्च २०११ नंतर इराण, इराक, सीरिया, सुदान, लिबिया, सोमालिया, येमेन किंवा उत्तर कोरिया यांपैकी कुठे गेला असाल, तर सामान्यतः एस्टा मिळत नाही, व्हिसाच काढावा लागतो. क्यूबासाठी ही तारीख १२ जानेवारी २०२१ आहे. जर्मनीतून क्यूबाच्या समुद्रकिनाऱ्यांच्या स्वस्त सहली निघतात. तिथला एक आठवडा पुढच्या अमेरिका भेटीला मुलाखतीच्या रांगेत उभे करतो, हे सहलीच्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

७. “आम्ही फक्त विमान बदलणार आहोत”

अमेरिकेत विमान बदलायचे असले तरी सीमा तपासणीतून जावेच लागते, त्यामुळे मेक्सिकोला जाताना मायामीत दोन तास थांबणाऱ्यालाही एस्टा हवा. कॅनडातून पुढे जाणाऱ्यालाही ईटीए हवा. ब्रिटनचे वेगळे आहे: हीथ्रो आणि मँचेस्टर येथे सीमा तपासणी न ओलांडता विमान बदलणाऱ्याला सध्या ईटीएमधून सूट आहे. उन्हाळ्यात लंडनमार्गे मुंबईला जाणाऱ्यांनी मात्र आपले तिकीट नीट बघावे. दोन्ही विमाने एकाच तिकिटावर असतील आणि बॅगा थेट मुंबईपर्यंत जात असतील, तर प्रश्न येत नाही. स्वस्त पडते म्हणून दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर बॅगा उचलून पुन्हा द्यायला बाहेर पडावे लागते. म्हणजेच सीमा ओलांडली आणि ईटीए लागला.

८. घरात दोन देशांचे पासपोर्ट असतील तेव्हा

पत्नी जर्मन आणि नवरा अजून भारतीय, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. जर्मनीत कायमस्वरूपी राहण्याचा परवाना असला, तरी भारतीय पासपोर्टवर एस्टा किंवा ब्रिटनचा ईटीए मिळत नाही; त्यांना रीतसर व्हिसाच लागतो, आणि त्याला आठवडे किंवा महिनेही लागतात. म्हणून सहलीचा बेत नेहमी घरातल्या सर्वांत अडचणीच्या पासपोर्टवरून आखावा, आणि बाकीच्यांची तिकिटे त्याचा व्हिसा आल्यावर काढावीत.

कामानिमित्त जाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. या परवानग्यांवर बैठक, परिषद किंवा वाटाघाटी यांसाठी जाता येते. ग्राहकाच्या कार्यालयात तीन आठवडे बसून त्यांची प्रणाली बसवून देणे हे काम झाले, आणि “तिकिटाबरोबर एस्टा काढून टाक” म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला हा फरक ठाऊक असेलच असे नाही. सीमेवर प्रश्नांना उत्तरे तुम्हांला द्यायची असतात.

९. अर्ज पाठवल्यानंतर

मंजुरीचे पत्र आले की त्यातले नाव, क्रमांक आणि जन्मतारीख पुन्हा पासपोर्टशी ताडून बघा. चूक घरी सापडली तर फक्त शुल्क जाते. उत्तर आले नाही तर स्पॅमची पेटी तपासा. परवानगी बहुतेक ठिकाणी संगणकावरच पासपोर्टशी जोडलेली असते, तरीही मी पत्राची छापील प्रत जवळ ठेवतो, कारण फोनची बॅटरी संपते. परवानगी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. शेवटचा निर्णय सीमेवरच्या अधिकाऱ्याचा असतो. एस्टा नाकारला गेला, तर पुन्हा पुन्हा उत्तरे बदलून अर्ज करत बसू नका, सरळ पर्यटक व्हिसासाठी अर्ज करा.

१०. आणि भारतात जाताना

नवा जर्मन नागरिक सर्वाधिक वेळा ज्या परदेशात जातो, तो देश भारत. नागरिकत्व मिळाल्यानंतर भारतीय पासपोर्टवर एकही प्रवास करू नका, त्याची मुदत शिल्लक असली तरी. तो गुन्हा ठरतो. आधी पासपोर्ट परत केल्याचे प्रमाणपत्र मिळवा आणि मग ओसीआय कार्डासाठी अर्ज करा. कार्ड यायला वेळ लागतो, आणि नेमके त्याच काळात घरी कुणाचे तरी लग्न किंवा आजारपण निघते.

अशा वेळी ई-व्हिसा उपयोगी पडतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये ही सोय सुरू झाली तेव्हापासूनच जर्मनी तिच्या यादीत आहे, आणि मंजुरीच्या पत्रावर आजही इलेक्ट्रॉनिक प्रवास-परवानगी असेच लिहिलेले असते. अर्ज ‘गव्ह डॉट इन’ने संपणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरच करावा. ३० दिवसांच्या पर्यटक ई-व्हिसासाठी प्रवासाच्या ३० दिवस आधीपासून ते चार दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. उतरण्याचा विमानतळ ठरावीक यादीतला असावा लागतो. मुंबई, पुणे, नागपूर आणि गोव्याचे दोन्ही विमानतळ त्या यादीत आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी प्रवाशांसाठी विनाशुल्क ई-आगमन पत्रही आले आहे, ते पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत भरून टाका.

अर्ज लांबलचक आहे. नागरिकत्व जन्माने मिळाले की नंतर, असा प्रश्न आहे. तिथे नंतर मिळाले असे निवडून पूर्वीचे राष्ट्रीयत्व भारत लिहायचे. अंगावरची ओळखीची खूण विचारतात, तो रकाना रिकामा सोडता येत नाही. शेवटी दोन संदर्भ द्यावे लागतात, एक स्वतःच्या देशातला आणि एक भारतातला, नाव, पत्ता आणि फोन क्रमांकासह. स्वतःच्या देशातला म्हणजे जर्मनीतला. पहिल्यांदा भरताना मी तिथे आईचे नाव आणि पुण्याचा पत्ता टाकला होता आणि पाठवण्यापूर्वी वाचताना तो खोडून खालच्या रकान्यात नेला.